मोटिवेशन लेटरमध्ये 'मी मेहनती आहे' सोडून काय लिहायचं

परवा भाच्याने चाकणच्या एका जॉबसाठी लिहिलेलं मोटिवेशन लेटर (ही नोकरी मला का हवी ते सांगणारं, अर्जासोबतचं पत्र) व्हॉट्सअॅपवर टाकलं, म्हणे मामा जरा बघ ना. पहिलीच ओळ, 'मी मेहनती, प्रामाणिक आणि सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारा आहे.' म्हटलं बाळा, हे स्थळाला पाठवायच्या बायोडेटात ठीक आहे, क्वालिटीसाठी माणूस शोधणारा याचं काय करणार?

मग दोघांनी बसून नव्याने लिहिलं.

आधी जेडी वाचली, म्हणजे जॉबमध्ये काय काम आहे त्याची कंपनीने दिलेली यादी. त्यात दहा-बारा पॉइंट असतात, सगळ्यांना उत्तरं देत बसू नका, आपण स्वतः हाताने केलेले दोन निवडा, बस. याच्यात होतं सप्लायरकडून येणाऱ्या मालाचं इन्स्पेक्शन. विचारलं, भोसरीत दोन वर्षं काय करतोयस? तर म्हणे विशेष काही नाही, बुश (नळीसारखे छोटे पार्ट) येतात ते चेक करतो. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, साइज सारखा कमी यायचा, लॉट परत जायचे, शेवटी हाच सप्लायरच्या शॉपवर जाऊन उभा राहिला, तर तिथला ऑपरेटर मशीनवरून काढलेला पीस गरम असतानाच मोजत होता, थंड झाला की बोअर आकसणारच! पीस थंड करून मोजायला लावलं आणि महिन्याला पाच-सहा लॉट परत जायचे तिथे एखादाच जायला लागला. अरे मग हेच लिही ना!

तर हे लेटरच्या मधोमध आलं, चार-पाच ओळीत. अडचण काय होती, मी काय केलं, आकडा कुठून कुठे आला. 'आम्ही केलं' नाही, 'मी केलं'. आपल्याला स्वतःबद्दल असं लिहायला लाज वाटते, पण इथे लाजून चालत नाही.

लेटर इंग्लिशमध्येच द्यायचं असेल तरी आधी मराठीत तोंडी सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग लिहा. चॅटजीपीटीकडून ग्रामर तपासा, पण अख्खं लेटर त्यालाच लिहायला सांगितलं तर परत मेहनती आणि प्रामाणिकच येणार.

'हीच कंपनी का' हे सगळ्यात अवघड. वेबसाइटवरचं कौतुक उचलून त्यांनाच परत ऐकवू नका. भाच्याने लिहिलं की आत्ता मी फक्त सुटा पार्ट बघतो, तो असेंब्लीत बसल्यावर पुढे काय होतं ते मला शिकायचंय. खरं होतं ते. (मोशी-चाकण रोडचं ट्रॅफिक बघता 'घराजवळ आहे' हे कारण तसंही गेलंच.)

पगाराचं विचारलं नसेल तर काढू नका, नोटीस पीरियड शेवटी एका ओळीत. सगळं मिळून एक पान, पीडीएफ.

आणि पाठवायच्या आधी कंपनीचं नाव बघा. मी एकदा खराडीतल्या कंपनीला मगरपट्ट्यातल्या कंपनीचं नाव घालून लेटर पाठवलंय, फाइलचं नाव होतं 'फायनल २ नवीन'. अजून रिप्लाय आलेला नाही.