२५ पोरं, एक दिवस, मुंबई

पोरांची टोळी घेऊन मुंबई दाखवताना निम्मा वेळ “अरे, तो कुठं राहिला?” यातच जातो. सकाळीच प्रत्येकाला एक आकडा द्या. लाँचमध्ये चढताना, उतरताना सगळ्यांनी ओळीनं आपापला आकडा ओरडायचा. जिथं साखळी तुटली, तो गायब! नावं पुकारण्यापेक्षा हे झटपट होतं आणि पोरांनाही मजा येते.

१. सकाळी लवकर गेटवेहून घारापुरी गाठा; जायला साधारण तासभर लागतो.
२. परतल्यावर काळा घोडा, हुतात्मा चौक, सीएसएमटी चालतच करा. बसच्या नादी लागू नका.
३. परतीची लोकल संध्याकाळच्या गर्दीआधी पकडा.

फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात.