व्हिडिओ थांबवा, आधी वजाबाकी करा

ग्रँट सँडरसनच्या 'थ्रीब्लूवनब्राऊन' या यूट्यूब चॅनेलचे गणिताचे व्हिडिओ बघून बी.एस्सी.ला गणित घ्यायचं ठरवलं असेल, तर निर्णय चांगला आहे. फक्त त्या व्हिडिओंच्या जिवावर पहिलं सत्र निघेल असं समजू नका. नाही निघणार. त्याची २०१६ची रेषीय बीजगणिताची (लिनियर अल्जेब्रा) मालिका मला तोंडपाठ होती. मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचा चौकटीतला तक्ता, प्रतलाला कशी ताणते, कशी फिरवते, हे मी होस्टेलवर सगळ्यांना समजावत फिरायचो. पेपरात 'हा उपावकाश (सबस्पेस, मोठ्या अवकाशातला तसाच छोटा अवकाश) आहे हे सिद्ध करा' आलं आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना.

व्हिडिओ बघताना 'कळलं' असं जे वाटतं, ते सांगणाऱ्याचं कौशल्य असतं. हा मुद्दा जरा ताणून सांगतो, कारण सगळे इथेच अडकतात.

देवळालीला शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ तुम्हाला माहीत असणारच: चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर तेच परत परत करा, शेवटी ६१७४च येतो. गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि कापरेकर जगभर पोचले. यावर व्हिडिओ ढिगाने आहेत. आपण बघतो, 'भारी!' म्हणतो, पुढचा लावतो. पण ६१७४च का? आधी त्याचं तीन अंकी भावंड घ्या, ४९५; तीन अंकी संख्येवर हीच कृती केली की शेवटी हा येतो. तिन्ही अंक सारखे नकोत. मोठ्यापासून लहानाकडे अंक क, ख, ग धरा. १००क + १०ख + ग यातून १००ग + १०ख + क वजा केले की उरतं ९९(क − ग). ख उडालाच! म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर शक्य उत्तरं फक्त नऊ: ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत. सगळ्यांच्या मध्ये ९, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. १९८ आणि ८९१ यांचे अंक तेच, म्हणून त्यांची पुढची वजाबाकीही एकच. आता ०९९ पासून निघा (तो शून्य टाकायचा नाही): ९९० − ०९९ = ८९१. मग ७९२, ६९३, ५९४, ४९५. आणि ४९५ वरून परत ४९५च. झाली सिद्धता.

हे वाचूनसुद्धा तुम्हाला 'कळलं' असंच वाटलं असणार. वही घ्या. तो ख आपल्या हाताने उडाला पाहिजे.

वैदिक गणिताच्या नावाने क्लासवाले ज्या झटपट गुणाकाराच्या युक्त्या विकतात, त्यात मला काडीचं सौंदर्य दिसत नाही. स्पर्धा परीक्षेला वेळ वाचत असेल, वाचवा बापडे. युक्ती का चालते हे बीजगणिताने उलगडून दाखवलं तर गोष्ट वेगळी. ते कुणी दाखवत नाही. तसंच १ + २ + ३ + … = −१/१२. रामानुजनच्या १९१३च्या पत्रात ते आहे, पण तिथे बेरजेचा अर्थच वेगळा आहे. ती अट गाळून नुसता धक्का देणारा व्हिडिओ खुशाल बंद करा.

मार्गदर्शकाने सगळं समजावून सांगायलाच हवं असंही नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'इथपर्यंत केलंय, पुढे अडलंय' असं सांगितल्यावर फक्त अडलेल्या ओळीवर बोट ठेवणाऱ्या एका मॅडमनी. रिकामी वही घेऊन गेलात तर कोणीही तुम्हाला नुसतं व्याख्यान देईल.

आणि घाबरू नका. पहिल्या वर्षी सिद्धता लिहिता न येणं अगदी नेहमीचं आहे. व्हिडिओही सोडू नका. एखादं प्रकरण झाल्यावर परत तोच बघा, दुप्पट आवडतो.

६१७४ करायचा असेल तर सुरुवात करून देतो: मोठ्यापासून लहानाकडे चार अंक क, ख, ग, घ धरले तर पहिली वजाबाकी म्हणजे ९९९(क − घ) + ९०(ख − ग). त्या दोन फरकांच्या ५४ जोड्या होतात. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत पोचाल. चारही अंक सारखे तेवढे घेऊ नका.