बिलाच्या गचक्यांचा छडा
आर्णीजवळचं कृषी केंद्र. पेरणीच्या तोंडावर काउंटरला रांग, अन् बिल काढताना कॉम्प्युटर अडून बसायचा. मालक म्हणे, ‘भाऊ, अँटिव्हायरसच काढून टाका!’ तसं काढणं मला पटत नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला. डिफेंडर म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस; त्याच्या एमपीसीएमडीरन या कमांडने ट्रेस, म्हणजे त्याच्या कामाची नोंद, सुरू केला: ग्रुपिंग (कोणत्या भागाची नोंद) हेक्स ८, म्हणजे फक्त रिअल-टाइम संरक्षण, फाइल उघडताच होणारी तपासणी; लेव्हल (कसली नोंद) हेक्स २०, म्हणजे परफॉर्मन्स. दोनचार बिलं काढून त्याच कमांडच्या गेटफाइल्स पर्यायाने सगळं एका कॅब फाइलीत, म्हणजे एका गठ्ठ्यात, गोळा केलं. उपयोगी पडली ती सपोर्ट फोल्डरातली साधी मजकुराची एमपीलॉग ही नोंद-फाइल. त्यात बिलिंग प्रोग्रामसमोर ‘एस्टिमेटेड इम्पॅक्ट’, म्हणजे तपासणीमुळे पडणारा अंदाजे भार, सगळ्यात जास्त. प्रत्येक बिलामागे तो डेटाची नवी प्रत लिहायचा, तीही तपासली जायची.

तेवढाच डेटा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, टाकला. पेनड्राइव्ह मात्र तपासणीतच ठेवला, तो गावभर फिरून येतो. बिलं आता झटपट निघतात.