बोर्ड थेट सोल्डर करू नका, सॉकेटात बसवा

आर्डुइनो नॅनो किंवा ईएसपी-३२सारखा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड थेट पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) सोल्डर केला आणि जळाला, की तीस-तीस पिना उपसताना पीसीबीवरचे तांब्याचे ट्रॅकही उचकटून येतात. म्हणून पीसीबीवर फिमेल हेडर, म्हणजे पिना खोचायच्या भोकांची पट्टी, लावा आणि बोर्ड वरून खोचा.

घेताना आधी पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, बघा. नेहमीची २.५४ मिमी, पण एक्सबीसारख्या रेडिओ मॉड्यूलची २ मिमी. दोन पिनांत फरक कळत नाही, दहाव्या पिनेपर्यंत गाडी पार रुळावरून घसरलेली असते.

गोल भोकांचं मशीन्ड सॉकेट दिसतं देखणं, पण ते आयसीच्या (चिपच्या) बारीक पायांसाठी. हेडरची चौकोनी पिन ०.६४ मिमीची, म्हणजे कर्णात जवळपास ०.९ मिमी. जबरदस्तीनं घुसवली तर आतली पत्ती कायमची ढिली पडते, आणि मग सर्किट टेबलावर टपली मारली तरच चालतं. (मी दोन रात्री कोडमध्ये चूक शोधत होतो!)

मेल, म्हणजे पिनांची, पट्टी खाचेवर कटकन मोडते. फिमेल तशी मोडत नाही. आठ पिना हव्यात? नववी पिन पकडीनं ओढून काढा, त्या रिकाम्या घरावर कटर चालवा, कड कानशीनं घासा. एक पिन वाया जाणारच, हिशेबात धरा.

सोल्डर करताना बोर्ड हेडरमध्ये खोचलेलाच ठेवा, म्हणजे दोन्ही ओळी समांतर राहतात. आधी फक्त टोकाच्या पिनांना सोल्डरचा टाका मारा, तिरकं वाटलं तर तेवढाच टाका पुन्हा वितळवून सरळ करता येतं.

आणि वायरीनं वीज आणायची असेल तर वीज जिथून येते त्या टोकाला फिमेलच ठेवा. उघड्या पिना स्क्रूड्रायव्हरची वाटच बघत असतात.