मृगाची संत्री टिकवायची तर

वरूडकडं आमचा बगीचा. मृगाची संत्री, म्हंजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चात निघतात, तवर ऊन तापायला लागलेलं असतं. दव वाळल्याशिवाय तोडा करू नका. ओल्या सालीला दाब बसला की तेल फुटून डाग पडतात. फळ ओढू तर नकाच. कात्रीनं देठाची टिकली ठेवून कापा. देठ उपटलं की तिथूनच बुरशी शिरते. मागच्या बहारात घाईनं ओढलेली माझी दोन कॅरेट अशीच सडली, जीव हळहळला.

तोडलेली फळं आत गार ठेवायला निंबाच्या सावलीत चहूबाजूंनी विटांची दुहेरी भिंत रचा, मधल्या 3 इंच फटीत रेती भरा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. वरून तुराटीची ओली ताटी. डागी फळ रोज वेचून काढा. शीतगृहात ठेवणार असाल तर 6-7 अंश पुरे; त्याहून फार थंडीत सालीवर खड्डे पडतात.