काळा कातळ, पांढरं पाणी: पावसाळी धबधब्याचा फोटो काढताना

सह्याद्रीतल्या धबधब्याचा फोटो बहुतेक वेळा एकाच जागी बिघडतो. पाणी पांढरंफट्ट होतं आणि त्यात एकही धार दिसत नाही. याचं मूळ कातळात आहे. ओला बेसाल्ट जवळजवळ काळा असतो. फ्रेमचा बराच भाग काळा असला की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला उजेड कमी वाटतो, तो एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवतो आणि पाणी जळतं, म्हणजे कोरं पांढरं होतं. त्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) सुरुवातीलाच उणे दोन तृतीयांश ते उणे १ वर ठेवा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि प्रत्येक फ्रेमनंतर हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड पाहा; आलेख तिथे आदळला असेल तर पाणी जळालं आहे. कातळाच्या सावल्या नंतर उचलता येतात, जळालेलं पाणी परत आणता येत नाही.

आता शटर. पाणी दुधासारखं दिसावं म्हणून बरेच जण १० स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच; प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो) घेतात, पण पावसाळ्यात त्याची गरज क्वचितच पडते. हिशोब असा: दाट ढग असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ ला साधारण १/३० सेकंद मिळतं. त्यावर सीपीएल (चकाकी घालवणारा, फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर) लावला की दोनेक स्टॉप जातात, म्हणजे १/८. आणखी ३ स्टॉपचा एनडी लावला की १ सेकंद. एवढं पुरे. १० स्टॉपने हेच १/३० अर्ध्या मिनिटावर जातं आणि धबधब्याचा पडदा होतो. दाट झाडीत तर नुसता सीपीएलही भागवतो.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे पाण्याच्या जोरावर ठरवा. ठोसेघरसारखी उंचावरून जोरात कोसळणारी धार १/४ सेकंदातच मऊ होते, त्यापुढे तिचा जोर दिसेनासा होतो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या बारीक ओहोळाला १ ते २ सेकंद शोभतात. नाणेघाटातला उलटा धबधबा मात्र वेगळा. तिथे दरीतून येणारा वारा पाणी वर फेकतो आणि सगळी गंमत उडणाऱ्या थेंबांत असते. आयएसओ ४००, एफ/५.६ आणि १/५०० किंवा त्याहून जलद शटर ठेवा. तिथे लाँग एक्स्पोजर घेतलं तर थेंबांचं नुसतं धुकं उरतं.

सीपीएल फिरवताना पानांवरची चकाकी जाईपर्यंत फिरवा, पण कातळावरची सगळी घालवू नका. ओल्या दगडाची थोडी झळाळी ठेवली नाही तर तो कोळशासारखा निर्जीव दिसतो. वाइड लेन्सवर दोन फिल्टर एकावर एक चढवले की कोपरे काळे पडतात, ते झूम करून तपासा.

ट्रायपॉड प्रवाहात ठेवायचाच असेल तर सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात आणि त्यांत वाळू शिरत नाही. पाय दगडावर टेकवा, गोट्यांवर नको. मधला दांडा वर काढू नका. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद आणि २ सेकंदांचा टायमर चालू ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहून येऊ लागला, तर वर पाऊस झालेला आहे. फ्रेम अर्धी सोडून लगेच बाहेर या.

वाऱ्याने पानं हलत असतील तर ट्रायपॉड न हलवता दुसरी फ्रेम घ्या: आयएसओ १६००, शटर १/१५ च्या आसपास, आणि वारा थांबेल त्या क्षणी. नंतर पहिल्या फ्रेममधलं पाणी आणि दुसरीतली पानं एडिटिंगमध्ये मास्कने (फोटोचा हवा तेवढाच भाग दाखवून) जोडता येतात.

एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की गार काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून २०-३० मिनिटं थांबा. तीन-चार मायक्रोफायबर फडकी कोरड्या पिशवीत ठेवा आणि दोन फ्रेमच्या मध्ये लेन्स जमिनीकडे झुकवून धरा. घरी आल्यावर ओली बॅग आणि कॅमेरा वेगळे वाळवा. दमट बॅगेत राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवायचा मोह सर्वांत घातक. पावसाळी हिरव्यात पिवळा खूप असतो, तो वाढला की गवत प्लॅस्टिकचं दिसतं. उलट पिवळ्याचं सॅच्युरेशन १०-१५ ने कमी करून पाहा. दाखवण्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि एसआरजीबी (पडद्यांसाठीची सर्वमान्य रंगपद्धत) ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर रंग फिके दिसू शकतात. सोबत शटर, ॲपर्चर, आयएसओ, फिल्टर आणि वेळ लिहा. ‘कसा वाटला?’ विचारलं तर ‘मस्त’ एवढंच उत्तर येतं. १/४ आणि १ सेकंदाच्या दोन फ्रेम शेजारी ठेवून ‘धार कुठल्यात जिवंत वाटते?’ असं विचारा, मग लोक खरंच पाण्याकडे बघून बोलतात.