कर्तव्यावर झाडलेली गोळी आणि खुनाचा गुन्हा : बचाव कुठून सुरू करायचा

सोलापूर शहर असो की ग्रामीण, पोलिसांच्या गोळीने माणूस दगावला की सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या पीयूसीएल निकालाप्रमाणे गुन्हा नोंदवावाच लागतो. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे जातो. सोबतचे लोक सांभाळून घेतील या भरवशावर राहू नका, वकील पहिल्याच दिवशी गाठा.

पिस्तूल जमा करताना त्याचा क्रमांक, मॅगझिनमधली काडतुसे आणि जागेवरच्या पुंगळ्या पंचनाम्यात येऊ द्या. शस्त्रागारातून घेतलेल्या आणि उरलेल्या गोळ्यांचा हिशेब जुळला नाही, तर उलटतपासणी तिथूनच सुरू होते. वर्दी धुऊ नका. नुसतं खरचटलं असलं तरी त्याच दिवशी सिव्हिलमध्ये एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करून घ्या. दोन दिवसांनी दाखवलेली जखम संशयच वाढवते. दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जप्त करावं असा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या.

खरा घात होतो तो जबाबात. एकदा 'झटापटीत गोळी सुटली' आणि नंतर 'जीव वाचवायला झाडली' असं सांगितलं, की दोन्ही बचाव जातात. अपघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 18 चा विषय, स्वसंरक्षण कलम 34 ते 44 चा. (घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर जुनी दंडसंहिता लागते.) वकिलाशी बोलून घडलं तेच, एकदाच, नीट सांगा. स्वतःला गोवणारं उत्तर न देण्याचा घटनेच्या कलम 20 चा हक्क पोलिसालाही आहे. स्टेशन डायरीत मागाहून नोंद घुसवू नका. सीडीआर (मोबाइल कॉलच्या नोंदी) आणि गाडीचं लॉगबुक ती उघडी पाडतात, आणि मग खऱ्या बचावावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला तर पुढचा अर्ज आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे. ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं तिथे जातात.

खटल्याला सरकारची मंजुरी लागते का, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 वर ठरतं. पोटकलम 1 चं संरक्षण सरकारच्या मंजुरीशिवाय ज्यांना काढता येत नाही अशांनाच आहे. शिपाई, हवालदारांसाठी पोटकलम 3 खालची राज्याची अधिसूचना शोधून अर्जाला जोडावी लागते. 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर खटल्याला मंजुरी मिळाली असंच धरलं जातं, म्हणून आपले कागद सरकारकडे लवकर सादर करा.

स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो शंभर टक्के पुराव्याचा नाही. आपली बाजू अधिक संभवनीय दिसली तरी पुरतं, आणि ती सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येते. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल ओळीने वाचा : गोळी कुठून शिरली, कोणत्या कोनात गेली, जखमेभोवती काळवंडलं आहे का. समोरून हल्ला झाला म्हणता आणि गोळी पाठीत शिरली असेल, तर त्याचं उत्तर दोषारोप ठेवण्याआधीच वकिलाकडे तयार हवं.